ठासणीच्या बंदुकीचा कैवारी

आमच्या घरी बंदूक आहे, असं मी कॉलेजात मुंबईच्या मैत्रिणींना सांगितलं तेव्हा दोघीजणी बाकावरून जरा लांब सरकल्या. नव्वदीच्या त्या वर्षांत वसई-विरारचं नाव पेपरात ज्या कारणांनी यायचं, ते पाहता त्यांचं चुकलं नव्हतं. आता त्यांना काय सांगणार, की आमची बंदूक ठासणीची, जवळजवळ माझ्या उंचीची, आणि तिचं वैर फक्त चिकूवर येणाऱ्या वानरांशी आणि वटवाघळांशी! नळीत दारू ओतायची, वरून नारळाचा काथ्या गजाने ठासायचा आणि आभाळाकडे तोंड करून बार काढायचा. छर्रा पपा कधी घालतच नसत. "देवाचे जीव ते, घाबरले म्हणजे झालं," म्हणायचे.

पपा शाळेत मास्तर होते, पण जीव वाडीत. पगारावर घर चालायचं आणि चिकूवर आम्हा भावंडांची शिक्षणं. त्यामुळे बंदूक गेली तर चिकू गेला आणि चिकू गेला तर माझं कॉलेज गेलं, हा हिशोब मला फार लवकर कळला होता. आमच्या आळीत अशा चार-पाच बंदुका होत्या, सगळ्या बागायतदारांच्या, सगळ्यांच्या परवान्यावर 'पीक संरक्षणासाठी' असं लिहिलेलं.

पण पिकाव्यतिरिक्त त्यांचं आणखी एक काम होतं. आमच्या गावची रीत अशी, की ज्याला मान द्यायचा त्याच्यासाठी बार काढायचा. चर्चच्या सणाची मिरवणूक निघाली की बार, नवे फादर आले की बार, बिशप आले की सगळ्या बंदुका रांगेत उभ्या. बिशप नक्की कुठल्या पिकात मोडतात, हे पोलिसांनी कधी विचारलं नाही आणि आम्ही कधी सांगितलं नाही.

निवडणूक आली की मात्र या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. जमा करणं सोपं, परत मिळवणं कठीण. त्या वर्षी निकाल लागला, गुलाल धुऊन निघाला, तरी बंदुका ठाण्यातच. इकडे चिकू भरला आणि वानरांना कुठून बातमी लागली देव जाणे, रोज सहकुटुंब हजर. पपा ठाण्यात खेटे घालून थकले.

अशा वेळी आम्हाला एक कैवारी भेटला. हे गृहस्थ विधान परिषदेचे आमदार होते, म्हणजे लोकांनी निवडून देण्याची कटकट नाही. घाटावरून येऊन आमच्या भागात स्थायिक झालेले. सफारी सूट, कपाळावर घाम आणि कमरेला रिव्हॉल्व्हर. ते दिसावं म्हणून भर मे महिन्यातसुद्धा सफारीची खालची दोन बटणं उघडी. पुढे नगरपालिकेची निवडणूक होती, त्यांच्या पक्षाला आमच्या आळ्यांमध्ये कुणी विचारत नव्हतं, आणि त्यांना अचानक आमच्या बंदुकांचा कळवळा आला. त्यांनी म्हणे सभागृहात भाषण ठोकलं. बंदूक हा बागायतदाराचा तिसरा हात आहे, तो कापण्याचा अधिकार सरकारला कुणी दिला, वगैरे. त्याच आठवड्यात बंदुका सुटल्या. त्या तशाही सुटणारच होत्या, हुकूम आधीच निघाला होता, असं ठाण्यातले फौजदार पपांना नंतर म्हणाले. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला! गाव भारावलं आणि आमदारसाहेबांचा सत्कार ठरला.

चर्चच्या मैदानात मांडव घातला. टेबलावर पांढरी चादर, फुलदाणी, शहाळी. साहेबांनी माइक हातात घेतला तो सोडेचनात. बंदूक म्हणजे स्वाभिमान, बंदूक म्हणजे आईबहिणीचं रक्षण, बंदूक म्हणजे आपल्या पूर्वजांचा वारसा. शेजारी बसलेली माझी आई हळूच म्हणाली, "आपली तर वानरांसाठी आहे ना गं?" शेवटी साहेबांनी छातीवर हात मारला. "तुमच्या बंदुकीला हात लावायला येईल, त्याला आधी या छातीवरून जावं लागेल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पण वाजवल्या. वाटलं, बोलतो जास्त, पण माणूस आपल्या बाजूचा आहे.

आता ज्याने बंदुका सोडवल्या त्याला नुसता हार घालून कसं चालेल? बिशपांना जो मान, तोच साहेबांना द्यायचा, असं बंदूकवाल्यांनी आपसात ठरवलं होतं. साहेबांना सांगायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. गावात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगायची कशाला? पपा आणि बाकीचे बंदूकवाले मांडवाच्या मागे रांगेत उभे राहिले, आणि साहेब हात जोडून खुर्चीत बसताहेत तोच सगळे बार एकदम निघाले.

धूर निवळला तेव्हा खुर्ची रिकामी होती. साहेबांचा अंगरक्षक केळीच्या खांबामागे. आणि टेबलाची पांढरी चादर खालून थरथरत होती. हार फुलदाणीत अडकून तुटला होता. आमच्या आळीतले सगळ्यात म्हातारे बंदूकवाले धावत पुढे आले, चादर उचलून खाली वाकले आणि मायेने म्हणाले, "साहेब, भिऊ नका, आत नुसता काथ्या हाय."

हसायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. फादरांनी तर रुमाल तोंडाला लावला. पण मागून एक मावशी मोठ्याने बोललीच, "छाती कुठे गेली गं यांची? पानी प्यायला?" मग मांडवच फुटला. साहेब गुडघे झटकत बाहेर आले, कुणाकडे न बघता गाडीत बसले. कमरेचं रिव्हॉल्व्हर टेबलाखालीच राहिलं होतं. पपांनी ते रुमालात गुंडाळून, मासळी द्यावी तसं अदबीने गाडीच्या खिडकीतून आत दिलं. मला वाटतं, साहेबांच्या जिव्हारी लागलं ते हेच.

दुसऱ्या दिवशी फौजदार स्वतः घरी आले. चहा घेतला, चिकू खाल्ला आणि मान खाली घालून म्हणाले, "मास्तर, बंदूक द्यावी लागेल. लेखी तक्रार आलीय. पीक संरक्षणाच्या हत्याराने भर सभेत बार, परवान्याच्या अटीचा भंग."

"तक्रार कुणाची?" पपांनी विचारलं.

"आता मास्तर, ते काय मी तोंडाने सांगू?"

आळीतल्या सगळ्या बंदुका एका जीपमध्ये गेल्या. परवाने पण गेले.

पपांना तरीही खरं वाटेना. काहीतरी गैरसमज झाला असेल म्हणत ते साहेबांच्या बंगल्यावर गेले. मी सोबत होते. साहेबांनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, मी कायदे करणारा माणूस. कायद्यापुढे माझा इलाज नाही. आणि आजच्या जमान्यात सामान्य माणसाला बंदूक हवी कशाला?" बोलताना एक हात कमरेवर होता. मला असा संताप आला, की जवळची कुंडी उचलून घालावीशी वाटली. पपा मात्र 'बरं साहेब' म्हणून वळले. परतीच्या वाटेवर फक्त एवढंच बोलले, "वानरं बरी. निदान चिकू आवडतो म्हणून येतात."

त्या हंगामाची सुरुवात वाईट झाली. पपा शाळेतून आले की काठी घेऊन वाडीत फिरायचे, पण काठीला वानर भीक घालत नाही. माझी कॉलेजची फी कशी भरायची यावर घरात दबक्या आवाजात बोलणी सुरू झाली. शेवटी आईनेच युक्ती काढली. तिचा भाऊ वालीवच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याच्याकडून तिने रिकामे पत्र्याचे डबे आणवले, झाडाझाडांत जोडीजोडीने टांगले, आत नटबोल्ट भरले आणि सगळ्यांची एक दोरी करून स्वयंपाकघराच्या खिडकीत बांधली. भाकरी थापता थापता दोरी ओढली की वाडीत असा काही धडाडधूम आवाज व्हायचा, की वानरंच काय, पोस्टमन पण कुंपणाबाहेरूनच पत्र टाकायचा. चिकू वाचला. माझं कॉलेज पण वाचलं.

मग नगरपालिकेची निवडणूक आली. साहेब उमेदवाराला घेऊन दारोदार फिरत आमच्या वाडीत शिरले. सगळं विसरले होते, किंवा आम्ही विसरलो असं समजले होते. अंगणात उभं राहून त्यांनी पपांचा हात हातात घेतला. "मास्तर, बंदुकीचं माझ्या लक्षात आहे. एवढी निवडणूक होऊ द्या. तुमच्या हक्कासाठी ही छाती..."

आई तेव्हा खिडकीत होती. वानरं आली होती की नव्हती, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. तिने पिठाच्या हातांनी दोरी ओढली.

उमेदवार बिचारा होता तिथेच उभा राहिला. आमदारसाहेब मात्र आमच्या तुळतुळीत सारवलेल्या अंगणात पालथे पडले होते, दोन्ही हात डोक्यावर. अख्ख्या आळीत एकही बंदूक उरलेली नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

पपा वाकले, त्यांना हाताला धरून उठवलं, सफारीवरची माती झटकली आणि म्हणाले, "भिऊ नका, साहेब. सामान्य माणसाकडे बंदूक नसते."