समुद्रघोड्याचं बाळंतपण

मी शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका लॅबमध्ये पाणी तपासते. कारखान्यांचं, स्विमिंग पूलचं, टँकरचं. बाटली येते, मी चाचण्या करते, रिपोर्ट जातो, खलास. त्या पाण्यात कोण राहत असेल, असा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. तो पडला एका अंकलमुळे.

मी रिसेप्शनपाशी उभी राहून फोनवर आईशी बोलत होते. समोर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ मांडीवर पाण्याची बाटली घेऊन बसले होते. मी फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "बाय, तू आपल्याकडची काय?"

"ठाण्याची."

"मी वसईचा." त्यांनी बाटली पुढे केली. "हे समुद्राचं पाणी आहे. यात कॅल्शियम किती ते लवकर सांग. घरची मंडळी खोळंबलीयत."

ही घरची मंडळी म्हणजे कोरल आहेत, हे मला रिपोर्ट देताना कळलं. अंकल एका हॉटेलच्या लॉबीतला भलामोठा फिश टँक सांभाळायचे आणि उम्म अल कुवैनला स्वतःच्या घरीही त्यांनी एक टँक ठेवला होता. मला एक मुलगी आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "शनिवारी तिला घेऊन ये." मी आपलं 'इन्शाल्ला' म्हणून सोडून दिलं. पण घरी मुलीला सांगायची चूक केली. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. शनिवारी सकाळी आठ वाजता ती बूट घालून दारात उभी.

अंकलच्या हॉलमध्ये शिरलो आणि मी तिथेच थबकले. काचेमागे गुलाबी, हिरवं, जांभळं असं काहीतरी हलत होतं. एका जातीचे कोरल तर लहान बाळाने मुठी उघडाव्यात-मिटाव्यात तसे एकसारखे उघडत-मिटत होते. मी प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं एवढंच ओळखणारी बाई. "अंकल, ही झाडं..." असं मी म्हणाले आणि ते जोरात हसले. "झाडं नाहीत बाय, प्राणी आहेत. यांना भूक लागते."

मुलीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती शेजारच्या लहान टँकसमोर उकिडवी बसली होती. आत बोटभर उंचीचा एक समुद्रघोडा एका फांदीला शेपटी गुंडाळून उभा होता. त्याचा एक डोळा तिच्याकडे आणि दुसरा भलतीकडेच. अंकलनी ड्रॉपरने एक बारीक कोलंबी पाण्यात सोडली. घोड्याने मान तिरकी केली, आणि 'टक्' असा आवाज झाला. खरंच आवाज झाला! काचेच्या बाहेर ऐकू आला! कोलंबी गायब.

"आई," मुलगी मागे वळून न बघता म्हणाली, "वी नीड धिस."

घरी येताना गाडीत मी नवऱ्याला फोनवर सगळं सांगत होते आणि माझाच आवाज चढत चालला होता. तो शेवटी म्हणाला, "टँक मुलीला हवाय की तुला?"

मलाच हवा होता. मुलीपेक्षा जास्त.

टँक आला, टँकमध्ये ठेवायचे काळे खडक आले, पंप आले, पाणी थंड ठेवणारा चिलर आला. अंकलनी मला आधीच बजावलं होतं, "इथल्या उन्हाळ्यात चिलर म्हणजे जीव. समुद्रघोड्यांना चोवीस डिग्रीच्या वर नको." पाणी भरलं, मीठ कालवलं आणि मग सहा आठवडे काहीच नाही. खडकांमध्ये चांगले जंतू वाढेपर्यंत आत कुणाला सोडायचं नसतं. मी रोज संध्याकाळी अमोनिया तपासायची. नोकरीत हेच काम करताना मी जांभया देते, पण इथे नळीतल्या रंगाकडे श्वास रोखून बघायची. मुलगी रोज विचारायची, "टुडे?" मी म्हणायची, "नाही." शाळेत तिने मैत्रिणींना सांगून टाकलं होतं की आमच्याकडे दगड पाळलेत.

मग अंकलनी स्वतःच्या कोरलचे तुकडे आणून दिले. समुद्रघोड्यांच्या सोबतीला चालतील असेच, न डसणारे. पहिला तुकडा चामड्यासारखा, खाकी रंगाचा. तो आमच्या घरी येऊन रुसून बसला. नऊ दिवस नुसता गोळा. दहाव्या दिवशी मी ऑफिसातून आले, तर त्याच्या अंगभर इवले इवले पांढरे पंजे फुललेले. मी पर्सही न ठेवता ओरडले. शेजारची मल्याळी बाई दार उघडून बघायला आली की काय झालं.

समुद्रघोड्यांची जोडी आम्ही दुबईतल्या एका दुकानातून कागदपत्रांसकट आणली. समुद्रातून पकडलेली नको, माणसाच्या देखरेखीत जन्मलेलीच हवी, अशी अंकलची सक्त ताकीद होती. मादी पिवळसर, आल्याबरोबर खायला लागली. नर तपकिरी, भित्रा. तो तीन दिवस काही खाईना. समुद्रघोड्यांना जठरच नसतं म्हणे, खाल्लेलं साठत नाही, म्हणून दिवसातून दोन-तीनदा खाऊ घालावं लागतं. तीन दिवस उपाशी म्हणजे गंभीर प्रकरण. मी अंकलना फोन केला.

"काय देतेस?"

"तुम्ही सांगितलेलं. बर्फातल्या बारीक कोलंबीचं पाकीट."

"ती जवळ्याचीच बहीण गं. पण मेलेला जवळा हलत नाही, मग त्याला खाणं कसं वाटणार? तू तो नाचव."

नाचवायचं काम मुलीने घेतलं. हात कोपरापर्यंत पाण्यात, ड्रॉपरच्या टोकाला एक कोलंबी, आणि ती नराच्या तोंडासमोर हळूहळू थरथरवत ठेवायची. वीस मिनिटं झाली. मी म्हणाले, "पुरे आता, बोटं सुरकुतली." तेवढ्यात 'टक्'. मुलगी हलली नाही, तिने फक्त डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. दुसऱ्यांदा 'टक्'. मग मात्र तिने अशी उडी मारली की हॉलभर खारं पाणी झालं.

जुलैत एका सकाळी मी चहा घेऊन टँकपाशी बसले होते. नर एकदम उजळ दिसत होता, जवळजवळ पांढरा. तो मादीभोवती फेऱ्या मारत होता. दोघांनी शेपट्या एकमेकांत अडकवल्या आणि लिफ्टसारखे वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. माझा चहा गार झाला. मी नवऱ्याला आणि मुलीला हाका मारल्या. आम्ही तिघं रात्रीच्याच कपड्यांत जमिनीवर बसलो होतो. पोटाला पोट लावून दोघं क्षणभर स्थिर झाले, मादीने अंडी नराच्या पोटाशी असलेल्या पिशवीत सोडली आणि ती शांतपणे बाजूला झाली. नराने अंग हलवून पिशवी नीट केली, आपण शर्ट खोचतो तसं.

"खलास," नवरा म्हणाला. "हिचं काम संपलं. आता याचं सुरू."

व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. तिला दोनदा समजावून सांगावं लागलं. "म्हणजे दिवस बापाला गेलेत?" ती म्हणाली आणि मग इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतर ती रोज फोन करायची आणि आधी त्याची चौकशी करायची. माझ्या वेळेलासुद्धा तिने इतके फोन केले नव्हते.

पिशवी फुगत गेली. दोन आठवड्यांत तो नर इतका गरगरीत झाला की त्याला फांदीवरून फांदीवर जायचाही कंटाळा. ऑगस्टचा पहिला शनिवार होता. मी दुपारी त्याला खायला घालायला गेले, तर टँकची काच हाताला नेहमीसारखी गार लागली नाही. थर्मामीटर बघितला. सव्वीस. चिलर गुरगुरत होता, पण पाणी थंड होत नव्हतं.

अंकल तेव्हा खोर फक्कानला गेले होते. त्यांनी फोनवर सांगितलं, "दिवे बंद कर. एसी पूर्ण सोड. पाण्याच्या बाटल्या गोठवून एकेक बुडव, पण घाई करू नको, एकदम गार झालं तरी त्याला त्रास. आणि तो चिलर उचल आणि इंडस्ट्रियल एरियात ने. मी इथून निघतो."

नवरा बाटल्या घेऊन टँकपाशी थांबला. मी आणि मुलीने चिलर चादरीत गुंडाळून गाडीत घातला. बाहेर हवा भट्टीसारखी. फ्रीज आणि वॉटर कूलर दुरुस्त करणाऱ्या तीन दुकानांनी नुसतं बघून हात वर केले. चौथ्या दुकानात पांढऱ्या दाढीचे एक पेशावरचे चाचा होते. त्यांनी चिलर उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "मंडे को आना."

"चाचा, मंडे तक नहीं चलेगा. घर पे डिलिव्हरी होनेवाली है."

"किसकी डिलिव्हरी?"

मुलीने पुढे होऊन फोनवरचा फोटो दाखवला. "ही इज प्रेग्नंट," ती म्हणाली. चाचांनी चष्मा वर करून बघितलं. "ही?"

"ही. द फादर."

चाचा आधी फोटोकडे बघत राहिले. मग त्यांनी दुकानातल्या दोघा कारागिरांना बोलावलं, शेजारच्या टायरवाल्याला बोलावलं. फोन हातोहात फिरला. सगळे हसत होते, पण चाचांनी ते भलतंच मनावर घेतलं होतं. "मेरे छह बच्चे हैं," ते म्हणाले. "बीवी हमेशा बोलती थी, एक बार तुम करके देखो." मग समोर उघडून ठेवलेला कुणाचा तरी फ्रीज त्यांनी पायाने बाजूला सरकवला. "यल्ला! पहले इस बाप का काम."

बिघाड कपॅसिटरचा निघाला. पाऊण तासात चिलर पुन्हा गारवा द्यायला लागला. चाचा मजुरी घेईनात. "बच्चे होंगे तो फोटो भेजना," एवढंच म्हणाले आणि नंबर मुलीच्या फोनमध्ये स्वतः टाकून घेतला.

घरी पोचलो तेव्हा पाणी सत्तावीसला टेकलं होतं. नवरा बनियनवर, हात बर्फाने लाल. अंकलही पोचले होते आणि नराकडे बघत खुर्चीत बसले होते. चिलर जोडला. संध्याकाळपर्यंत काटा हळूहळू चोवीसवर आला. नराने एक कोलंबी खाल्ली तेव्हा कुठे आम्हाला आठवलं की आपण सकाळपासून जेवलो नाही. अंकलच्या सांगण्यावरून मी त्याच वेळी पोहे टाकले. त्यांनी दोन ताटल्या खाल्ल्या.

मंगळवारी, नुकतं उजाडलं होतं, मुलगी आमच्या खोलीत धावत आली. "आई! बाबा! स्मोक!"

धूर नव्हता. नर फांदीला घट्ट धरून अंग पुढे-मागे वाकवत होता, आणि दर कळेसरशी त्याच्या पिशवीच्या तोंडातून पिल्लांचा लोंढा बाहेर उडत होता. नखाएवढी पिल्लं! आणि प्रत्येक पिल्लू तंतोतंत समुद्रघोडा. तसंच नाक, तशीच मान, तशीच वळलेली शेपटी. बाहेर पडल्या पडल्या ती ताठ उभी राहून तरंगत होती. एक पिल्लू दुसऱ्याच्या शेपटीला धरून होतं, ते दुसरं तिसऱ्याच्या. मला रडू आलं, हसू आलं, मी नवऱ्याच्या दंडाला इतकं घट्ट धरलं की वळ उठले. तो नुसता म्हणत होता, "अरे अजून! अरे अजून!"

वाट्यांनी, अलगद, हवा लागू न देता आम्ही ती उचलून गोल बादलीत सोडली. दीडशेपर्यंत मोजली, पुढे हिशोब सुटला. नर शेवटी रिकाम्या पिशवीने खाली टेकला. मुलीने त्याला खायला दिलं. सकाळी सातला चाचांना फोटो गेला. त्यांचा उलट व्हॉइस मेसेज आला, नुसतं मोठ्ठं "माशाल्ला", आणि मागे दुकानातल्या सगळ्यांचा आरडाओरडा.

पुढचे दिवस फार धावपळीचे. पिल्लांना जिवंत खाणं लागतं. आमच्या ओट्यावर मिक्सरशेजारी सोड्याच्या बाटल्या उलट्या टांगलेल्या, त्यात हवेचे बुडबुडे आणि त्यात उबणारे आर्टेमिया नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. मी ऑफिसला जाण्याआधी एकदा, मग नवरा, मग मुलगी, असे आळीपाळीने खाऊ घालायचो. तरी पिल्लं गेली. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी बादलीच्या तळाशी काही पडलेली असायची. मुलीने तिसऱ्या दिवशी विचारलं, "आर वी डूइंग समथिंग राँग?" अंकल तिला म्हणाले, "नाही गं पोरी. समुद्रात हजारातलं एखादं जगतं. तुझ्याकडे त्याहून पुष्कळ जगतील. तू हात चालू ठेव."

तिने हात चालू ठेवले. सुट्टीत पोहायला गेली नाही, वाढदिवसाच्या पार्टीला गेली नाही. महिन्याच्या शेवटी बावीस पिल्लं उरली होती, बोटाच्या पेराएवढी, आणि ती प्लॅस्टिकच्या जाळीला शेपटी गुंडाळून रांगेने उभी राहायची. सगळ्यांची डोकी एकाच दिशेला.

नोव्हेंबरात अंकलच्या ओळखीच्या तीन घरांत सोळा पिल्लं गेली. देताना मुलीने प्रत्येक घरच्या माणसांना समोर बसवून परीक्षा घेतली. किती डिग्री? दिवसातून किती वेळा? चिलर बंद पडला तर काय कराल? एका काकांनी शेवटच्या प्रश्नावर चुकीचं उत्तर दिलं. तिने त्यांना चाचांचा नंबर लिहून दिला, आणि मगच पिल्लं दिली.