गच्चीला नाक बसवताना

वॉटरप्रूफिंगच्या धंद्यात किस्से साठायला वेगळे कष्ट पडत नाहीत. पाणी जसं कुठूनही वाट काढून सीलिंगवर जमतं, तसे तेही जमतात. आणि आमच्याकडे तर व्हेंट होते.

व्हेंट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण नव्वदच्या आसपास ठाणे-डोंबिवलीत ते फारसं कुणाला माहीत नव्हतं. गच्चीच्या स्लॅबवरचा कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसलेला असतो. त्यावर आम्ही रबरासारखं पातळ कोटिंग ब्रशने लावायचो. ऊन तापलं की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला जायला जागा नसते आणि कोटिंग पुरीसारखं फुगतं. म्हणून कोब्यात जागोजागी भोकं पाडून आखूड पाइप बसवायचे, वर टोपी. वाफ बाहेर जाते, पाऊस बाहेरच राहतो. एवढंच! पण एवढं समजावण्यात माझी आणि माझा पार्टनर पेडणेकर याची निम्मी उमेद गेली. पेडणेकर मूळचा वेंगुर्ल्याचा. कमी बोलायचा, आणि बोलला की समोरच्याला घरी गेल्यावर कळायचं.

*

वर्तकनगरच्या एका सोसायटीत आम्ही ड्रिल सुरू केलं आणि चेअरमन धापा टाकत गच्चीवर आले. "अहो, गळती थांबवायला बोलावलं तुम्हाला, आणि भोकं कसली पाडताय?"

मी वाफ, दाब, ओलावा सगळं सांगितलं. चेहरा तसाच. मग पेडणेकर म्हणाला, "साहेब, कुकरला शिट्टी का असते?"

चेअरमनना पटलं. इतकं पटलं, की संध्याकाळी मीटिंग बोलावून त्यांनी सगळ्यांना तोच कुकर समजावला. मीटिंग संपत आली तेव्हा मागून एक बाई उठल्या. "आमच्या मुलीचं बारावीचं वर्ष आहे. या शिट्ट्या कधीपर्यंत चालणार?"

चेअरमननी आमच्याकडे पाहिलं.

"डाळ शिजेपर्यंत, वहिनी," पेडणेकर म्हणाला.

*

डोंबिवलीत एक सेक्रेटरी होते, बँकेतून रिटायर झालेले आणि फार काळजीवाहू. काम करून आम्ही विसरलो, आणि मे महिन्यात त्यांचा फोन. "कोटिंगला फोड आलेत. तुमचं मटेरियल बोगस आहे."

डोंबिवलीत 'बोगस' हा शब्द एका जिन्यातून दुसऱ्या जिन्यात जायला वेळ लागत नाही. आम्ही तसेच धावलो. गच्चीभर टम्म फुगे. पोरं उड्या मारून ते फोडत होती. आणि प्रत्येक व्हेंटवर दुधाची रिकामी पिशवी चढवून सुतळीने करकचून बांधलेली.

"हे कुणी केलं?"

"मीच," सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले. "तुम्ही उघडे टाकून गेलेलात. पाऊस आत जायला नको."

पेडणेकरने एक पिशवी सोडली. तिच्यातून पाण्याचे थेंब ओघळले.

"बघा," सेक्रेटरी म्हणाले, "एवढं बांधूनही पाऊस शिरलाच."

"साहेब, मे चालू आहे. हा पाऊस खालून वर आलाय."

सेक्रेटरींनी जरा विचार केला. "म्हणजे पिशव्या उलट्या बांधायला हव्या होत्या."

*

मग घरोघरी केबल आली. ठाण्यातल्या एका गच्चीवर केबलवाल्याला आमचा तयार पाइप दिसला आणि तो खूश झाला. टोपी काढून वायर आत सरकवली, ती वीतभर जाऊन अडली. व्हेंट कोब्यापुरताच असतो, स्लॅबच्या आत जातच नाही. त्याला वाटलं, कचरा अडकलाय. त्याने सळी ठोकून वाट मोकळी केली. थेट खालच्या घरात, टीव्हीच्या डोक्यावर.

पावसात त्या घरच्या काकांनी बोलावलं. टीव्हीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर टॉवेल, टॉवेलवर टपटप, आणि खाली मॅच. मी म्हटलं, "वायर काढून घेऊ, भोक बुजवतो, लगेच होईल."

काकांची नजर हलली नाही. "वायरला हात लावू नका. पाण्याची सवय आहे आम्हाला. केबल आत्ता आलीय."

*

खाडीजवळच्या एका बिल्डिंगमधून तक्रार आली, की तुमच्या व्हेंटमधून घाण वास येतो. गेलो. गच्चीवर दोरीभर बोंबील वाळत होते आणि शेजारी कोळीणमावशी राखणीला बसलेल्या. बिल्डिंगची जमीन मुळात त्यांच्याच घरची, त्यामुळे त्यांना बोलायची कुणाची हिंमत नव्हती. कमिटीचे गृहस्थ बोंबलांकडे पाठ करून व्हेंटकडे बोट दाखवत राहिले.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "वास नलीला येतो ना? मंग नली काढा. बोंबलांना कशाला उठवता?"

*

शहाडला स्टेशनजवळच्या एका बिल्डिंगमध्ये अगदी वरच्या मजल्यावर ड्रॉइंगचे एक रिटायर्ड मास्तर राहायचे, एकटेच. दर पावसात त्यांचा हॉल गळायचा. सीलिंगवरचा डाग ते कौतुकाने दाखवायचे. "गेल्या वर्षी गोव्याएवढा होता. यंदा कर्नाटकात शिरलाय."

पाऊस लागला की दर रविवारी कमिटी पाहणीला यायची. मधोमध बादली, भोवती खुर्च्या, सगळ्यांच्या माना वर. मग चहा, मग भजी, मग राजकारण. मास्तर स्टोव्हपाशी उभं राहून प्रत्येकाला आणखी वाढायचे. गळती पुढच्या रविवारवर जायची.

अखेर जिने चढून कमिटीच थकली आणि काम आमच्याकडे आलं. व्हेंट बसले, कोटिंग झालं, हॉलच्या सीलिंगला पांढरा रंग लागला. काम चालू असताना मास्तर एकदाही गच्चीवर डोकावले नाहीत.

पुढच्या पावसात त्यांचा निरोप आला: पुन्हा गळतंय. आम्ही गॅरंटी दिलेली, त्यामुळे त्याच दिवशी शहाड गाठलं. आधी गच्ची पाहिली. कोटिंग घट्ट बसलेलं, कुठे फोड नाही, एकही व्हेंट हललेला नाही. खाली आलो. हॉलच्या मध्यावर बादली, अर्धी भरलेली. भोवती खुर्च्या मांडलेल्या. मी वर पाहिलं. एका खुर्चीवर चढून सीलिंगवरून हात फिरवला. बोटांना कोरडा चुना लागला.

"मास्तर, अहो..." मी सुरुवात केली.

"बसा हो," मास्तर म्हणाले. "कमिटीलाही कळवलंय, येतीलच सगळे. पीठ भिजवून ठेवलंय."

पेडणेकरने बादलीत पाहिलं, सीलिंगकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. आणि खुर्ची ओढून बसला.

"गळती अवघड दिसतेय, मास्तर," तो म्हणाला. "आम्हाला पाऊसभर दर रविवारी यावं लागेल."