डावीकडची घडी

अक्षदाला कशाची भीती वाटत नाही, हे शोधायला दिवस गेला असता. पालीची वाटायची, परीक्षेची वाटायची, दुकानदाराला "हे नको, दुसरं दाखवा" म्हणायची तर फारच वाटायची. बजाजनगरच्या त्या गल्लीत तिला घाबरट म्हणूनच ओळखत. पण हीच पोरगी एकटीच फोनसमोर बसली की पोपटासारखी बोलायची. फोन उलटून बोलत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

दिवसभर ती वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची आणि आल्यावर कपड्यांवर बोलायची. आठवडी बाजारातली कुर्ती कशी निवडायची, जुन्या साडीचा दुपट्टा कसा करायचा, कंपनीच्या गणवेशावर कुठली ओढणी शोभते. "बजाजनगरची फॅशन" असं नाव तिनं दिलं होतं. बघणारे हजारभर असतील, त्यातले निम्मे आजूबाजूच्या गल्ल्यांतलेच. तरी बाप मुंजाबा कंपनीच्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीत बसून तिचे व्हिडिओ बघायचा आणि आलेल्या-गेलेल्याला दाखवायचा.

ही सगळी मंडळी मूळची गंगापूरकडची, मेंढरांमागं फिरणारी. दोन हजार बाराच्या दुष्काळात मेंढरं विकली आणि बजाजनगरात एका खोलीत आली. मुंजाबाला गेट मिळालं. अक्षदाची आई बानाबाई हिचा हात शिवणात बरा, तिला पडेगावच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या शिवणकारखान्यात काम मिळालं. तो कारखाना केसरबाईंचा. केसरबाई म्हणजे शहरातल्या कपड्याच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव. मुंबई-दिल्लीची माणसं त्यांच्या दारात उभी राहायची.

बानाबाईचं ते काम सात महिने टिकलं. एके दिवशी घोंगड्यांच्या जाकिटांची ऑर्डर आली आणि नमुन्याचा पहिला तुकडा बानाबाईच्या हातात पडला. एक घोंगडी आणि एक कात्री. आता घोंगडी म्हणजे यांच्या घरी देवाचं आसन. तिच्यावर कुणी चपलेनं पाय देत नाही आणि तिला कात्री तर लावतच नाही. बानाबाईला हे सांगायचं धाडस झालं नाही. तिनं कात्री बाजूला ठेवली, रानात पावसात पांघरतात तशी घोंगडीची खोळ केली, एक जास्तीची घडी आत मुडपली, चार ठिकाणी टाके घातले आणि न कापताच अंगावर बसणारं काहीतरी करून दिलं. केसरबाईंनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि चाळीस बायकांदेखत म्हणाल्या, "मी कापायला सांगितलं होतं. देवपूजा घरी करायची. उद्यापासून येऊ नकोस." बानाबाई त्या दुपारी घरी आली ती पुन्हा शिवायला बसली नाही. घरातल्या मशीनवर पुढं पाण्याच्या कळशा राहायला लागल्या.

हे अक्षदाला माहीत होतं. पण माहीत असलेलं जखमेसारखं उघडं पडलं ते सोळाच्या उन्हाळ्यात. केसरबाईंच्या नव्या कपड्याचा गाजावाजा झाला होता, दिल्लीत कसलंसं बक्षीस मिळालं होतं. न कापलेल्या घोंगडीचा अंगरखा. अक्षदानं कौतुकानं फोटो आईला दाखवला. बानाबाई तांदूळ निवडत होती. तिनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ही घडी माझी हाय," ती म्हणाली.

"तुझी कशी? खोळ तर सगळेच करत्यात."

"सगळ्यांची उजवीकडं पडती. मी डावरी. माझी डावीकडं पडती." एवढं बोलून तिनं फोन परत दिला आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

फोटोखाली केसरबाईंचं बोलणं छापलं होतं: हृदय डावीकडे असतं, म्हणून मी घडी डावीकडे घेतली. अक्षदानं ते तीनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला भीतीपेक्षा राग जास्त आला, आणि रागाच्या भरात माणूस करतं तसं तिनंही करून टाकलं: केसरबाईंच्या ऑफिसला मुलाखतीसाठी निरोप पाठवला. एक नाही, अकरा पाठवले. बाराव्या दिवशी सरिता नावाच्या त्यांच्या मदतनिसाचं उत्तर आलं. गुरुवारी अकरा वाजता, पंधरा मिनिटं.

राग तिथंच ओसरला आणि भीती व्याजासकट परत आली.

केसरबाईंबद्दल काय काय ऐकिवात नव्हतं! एका पेपरवाल्याला त्याच्या शर्टाची कॉलर बघूनच परत पाठवलं होतं म्हणे. कॉलेजच्या एका पोरीला "या कापडाचा आडवा धागा कुठला?" एवढंच विचारलं तर ती रडत पार लष्करी छावणीपर्यंत चालत गेली. आवाज कधी चढवत नाहीत, हे तर सगळेच सांगायचे आणि सांगताना स्वतःचा आवाजही खाली आणायचे. अक्षदानं कागदावर दहा प्रश्न लिहिले. नऊ गोड. दहावा एकच: "ही घडी तुम्ही कुणाकडून शिकलात?" तिला दुसरं काही नको होतं. त्या बाईनं फोनसमोर बानाबाईचं नाव घ्यावं, बस्स. आपण कुणाची पोर ते मात्र शेवटपर्यंत सांगायचं नाही, असं ठरलं.

निघताना आईनं विचारलं, "कशाला चाललीस वाघाच्या जाळीत?"

"वाघ म्हटलं तरी खातो अन् वाघोबा म्हटलं तरी खातो," अक्षदा म्हणाली. शब्द शूराचे होते, पण चपलेचा पट्टा तिनं दोनदा चुकीच्या भोकात घातला.

नगर नाक्यावर रिक्षा बदलून ती पडेगावच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना शेतांचे प्लॉट झालेले, प्लॉटवर अर्ध्यात थांबलेल्या इमारती. बांधकामाला पाणी नव्हतं. टँकरमागून टँकर जात होते आणि प्रत्येक टँकरच्या मागं गळणाऱ्या धारेकडं रिक्षातली माणसं बघत होती. अक्षदाच्या तोंडचं पाणी तर सकाळीच पळालं होतं. परत फिरावं, ताप आला म्हणून कळवावं, असं तिच्या मनात चारदा आलं. पाचव्यांदा येईपर्यंत रिक्षा थांबली.

सरितानं तिला केबिनच्या दारात सोडलं आणि दार मागून ओढून घेतलं.

केबिन लांबलचक होती. पलीकडच्या टोकाला टेबलामागं केसरबाई. साठीच्या, केस पांढरे आणि बारीक कापलेले, राखाडी साडी, अंगावर दागिना नाही, गळ्यात मापाची टेप. टेबलावर एक वीतभर लांब कात्री. अक्षदानं पाऊल उचललं आणि ते तसंच अधांतरी राहिलं. दारापासून टेबलापर्यंत खाली अंथरलेली होती एक काळी घोंगडी.

पायात चपला होत्या. समोरून ती बाई बघत होती. कुणीही शहाणं माणूस सरळ चालत गेलं असतं. पण पाय काही डोक्याला विचारून वागत नाहीत. अक्षदानं चपला काढल्या, हातात घेतल्या आणि भिंतीला पाठ घासत, खेकड्यासारखी आडवी चालत ती टेबलापाशी पोचली. चपला कुठं ठेवाव्यात ते सुचेना, म्हणून बसल्यावर मांडीवरच धरल्या.

केसरबाई पुढं वाकल्या. त्यांनी टेबलावरून हात लांब केला, अक्षदाच्या कुर्तीच्या बाहीची कड दोन बोटांत धरली आणि उलटी केली.

"कुणी शिवलं?"

"मीच, मॅडम."

"बाहेरून चांगलं आहे. आतून उसवून परत शिव. बोल."

अक्षदानं फोन टेबलावर उभा केला. तो पडला. पुन्हा उभा केला. छातीचे ठोके रेकॉर्ड होतील की काय असं तिला वाटत होतं. "मॅडम, तुम्हाला लहानपणापासून कपड्यांची आवड होती का?"

"नाही."

"मग या धंद्यात यायचं कसं ठरवलं?"

"पोटासाठी."

"नव्या मुलींना तुम्ही काय सांगाल?"

"काही नाही. त्या ऐकत नाहीत."

चौथ्यालाही असंच तुटक उत्तर मिळालं आणि दीड मिनिटात चार प्रश्न संपले. कागदावरची स्वतःचीच अक्षरं अक्षदाला लागेनात. ती पाचवा प्रश्न शोधत होती तोच केसरबाईंनी कागद अलगद काढून घेतला.

"दे इकडं. मीच वाचते." त्या वाचत गेल्या. "पाचवा, फालतू. सहावा, फालतू. सातवा हा तर सगळेच विचारतात. आठवा..." दहाव्यापाशी त्यांची नजर थांबली होती. बाहेर मशिनींचा आवाज चालू होता. आपल्याला आता इथून बाहेर जाता येणार नाही, असं काहीतरी वेड्यासारखं अक्षदाला वाटलं.

"फोन बंद कर."

तिनं बंद केला. या क्षणी बंद करायचा नसतो, हे तिला कळत होतं. तरी केला. एवढ्यासाठी ती आली होती आणि तेवढंच तिच्याकडून झालं नाही.

"तू घोंगडी चुकवलीस तेव्हाच मी ओळखलं," केसरबाई म्हणाल्या. "ती डावरी तुझी कोण?"

"आई."

केसरबाईंनी कात्री सरळ केली, पुन्हा तिरकी केली. "कात्री उलट्या हातानं धरायची. टाका मात्र देखणा. तो तिचा तुकडा दोन वर्षं कपाटात पडला होता. मग दिल्लीच्या लोकांना दाखवायला काहीच नव्हतं, तेव्हा काढला. त्यांनी विचारलं, घडी डावीकडंच का? मला तरी काय माहीत? म्हटलं, हृदय डावीकडं असतं. आवडलं त्यांना."

"मॅडम, हे तुम्ही फोनसमोर सांगाल?"

"नाही." आवाज चढला नव्हता. "या घडीवर बाहेरच्या चाळीस बायकांच्या चुली पेटतात. उद्या कुणी म्हटलं, चोरीचा माल, तर? आणि तू कुठं लिहिलंस तर माझा वकील आहे, तोही बघेल. समजलं?" मग त्या म्हणाल्या, "तिला पाठव. पुन्हा कामावर घेते."

पंधरा मिनिटं संपली होती. अक्षदा उठली, चपला छातीशी धरून. इथून पळावं असं तिच्या अंगातला प्रत्येक कण सांगत होता. पण हाती काहीच न घेता घरी जायची भीती आता या बाईच्या भीतीपेक्षा मोठी झाली होती.

"मॅडम," ती म्हणाली, आणि आवाज इतका बारीक निघाला की तिलाच परका वाटला, "तिचं नाव काय?"

केसरबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. त्यांचा हात गळ्यातल्या टेपकडं गेला आणि तिथंच राहिला. सगळ्या शहराला चळाचळा कापायला लावणारी ती बाई आधी कागदाकडं, मग दाराकडं बघायला लागली, जणू सरिता येऊन सांगेल.

"डावरी म्हणायचे सगळे," त्या शेवटी म्हणाल्या.

अक्षदा आली तशीच भिंतीकडेनं बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर तिनं चपला घातल्या आणि रिक्षा येईपर्यंत ती रडली. भीतीनं की रागानं, तिचं तिलाच ठरवता येईना.

घरी बानाबाई वाटच बघत होती. कपाळाला हात लावून बघितला, पाणी दिलं आणि मग भांड्याकडं बघत, जणू सहजच, विचारलं, "माझं नाव घेतलं का तिनं?"

घेतलं म्हणावं, असं अक्षदाच्या अगदी ओठांवर आलं. खोट्यानं कुणाचं काय वाकडं झालं असतं? पण सात महिने आई त्या छपराखाली बसली होती. तिला आणखी एकदा फसवायचं अक्षदाला जमेना.

"तिला म्हाईत नाय, आई. घडी तुझी हाय म्हणाली. पन फोन बंद करून. कामाला परत घेते म्हणाली. अन् नाव म्हाईत नाय."

बानाबाईनं भांडं उचलून जागेवर ठेवलं. मग म्हणाली, "व्हय. कुनी इचारलंच नव्हतं." यात तक्रार नव्हती, आणि तेच अक्षदाला सहन झालं नाही.

तिनं उठून मशीनवरच्या कळशा खाली उतरवल्या. फळीवर फोन उभा केला. देवाच्या कोनाड्याखालची घोंगडी दोन्ही हातांनी उचलून आणली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"मुलाखत. माझी खरी मुलाखत आता हाय. खोळ करून दाखव."

"गप बस. मला भ्या वाटतं." बानाबाई खरोखरच मागं सरकली. "ती बाई काय करंल? वकील घालंल."

"घालू दे. मलाबी भ्या वाटतं. बस तशीच." मनातून अक्षदा त्या वकिलाला इतकी घाबरली होती की बोलताना तिचे दात वाजत होते. तेवढ्यात गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला आणि मुलाखत तिथंच टाकून दोघी कळशा घेऊन धावल्या. त्या उन्हाळ्यात टँकरपुढं कुणाचंच काही चालत नव्हतं. अर्ध्या तासानं भिजल्या पदरानं बानाबाई परत येऊन बसली. आता चुकवायला निमित्तही उरलं नव्हतं. तिनं डाव्या हातानं घोंगडीचं टोक उचललं आणि तो हात पहिल्यासारखा चालेल की नाही, अशा नजरेनं त्याच्याकडं बघितलं.

अक्षदानं फोन सुरू केला. या वेळी दहा प्रश्न नव्हते, कागदही नव्हता.

"आधी नाव सांगा," ती म्हणाली.

बानाबाईनं घसा खाकरला, दाराबाहेर कुणी ऐकत नाही ना ते बघितलं, आणि अगदी हळू म्हणाली, "बानाबाई."

"ऐकू नाय आलं."

"बानाबाई मुंजाबा," ती म्हणाली, या वेळी गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं, आणि घडी डावीकडं टाकली.