वैशालीचं ‘बोला’ बटण

वैशालीला मरायचं नव्हतं.

हे आधी सांगते, कारण गेल्या वर्षी याच दिवशी जो तो म्हणत होता, “सुटली बिचारी.”

सुटली नाही. गेली.

महाडात आम्ही दोघी मैत्रिणी मिळून वेबसाइट करायचो. दवाखान्यांच्या, लॉजच्या, सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडाजवळच्या एका खानावळीची. तयार सिस्टम घ्यायची आणि गिऱ्हाइकाला हवं ते मॉड्यूल जोडायचं.
घराला मागून पडवी काढतात ना, तसंच. ही व्याख्या वैशालीची.

तिचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातली वाडी. वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळाने तिला गावाची साइट करायला सांगितली. देवळाचे फोटो, पालखीचे व्हिडिओ, झालं.

वैशालीने त्यात एक मॉड्यूल स्वतः लिहून घातलं.

पानावर एक मोठं बटण. ‘बोला’.
दाबायचं, बोलायचं. वैशाली ऐकणार आणि आवाज पानावर लावणार. लॉगिन नाही, टायपिंग नाही.

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “म्हाताऱ्यांची बडबड साइटवर कशाला?”

ती शांतपणे म्हणाली, “काका, तुमची आई पण बोलल्येय. ऐकून तर बघा.”

काकांनी ऐकलं. नंतर तो विषय कधी निघाला नाही.

वैशालीची आत्या वाडीत एकटी राहते. मुलगा सुरेश मुंबईला. लग्नावरून घरात भांडण झालं आणि तो बायकोला घेऊन गेला, तो गेलाच. आईचा फोनही उचलत नसे.

भाताची लावणी उरकल्यावर आत्याने शेजारणीच्या मोबाइलवर बटण दाबलं.

“सुरेश, आवण लावून झाला. कपिली व्याली, पाडी झाली. तुझ्या खोलीवरची कौलं बदलून घेतलीत. बस, येवडाच.”

तक्रार नाही, रडणं नाही.

वैशालीने ते पानावर लावलं आणि लिंक सुरेशला पाठवली.

बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. दोनच शब्द.
“आये, ऐकतोय.”

पुढे तो अधूनमधून बोलायला लागला. ऑफिसचं, पोरीच्या शाळेचं. गावी मात्र आला नाही.

त्यानंतर वैशालीचा आजार कळला. उपचारांसाठी तिला मुंबईला नेलं. त्याच काळात मूळ सिस्टमचं मोठं अपडेट आलं आणि मॉड्यूल बंद पडलं. पान कोरं.

आत्याचा मला फोन. “गो बाय, माझा पोरगा बोलत नाय.”

मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा वैशालीला म्हटलं, “तू आराम कर. मी एखादं रेडीमेड प्लगइन टाकते.”

“रेडीमेडला ई-मेल लागतो. आत्याला ई-मेल कुठला? लॅपटॉप उघड.”

एका हाताला सलाईन. लॅपटॉप माझ्या मांडीवर. दुसऱ्या हाताच्या एका बोटाने ती टाइप करत होती. नर्स दोनदा रागावली. वैशाली म्हणाली, “सिस्टर, पाचच मिनिटं.”
दुपार गेली त्यात.

“घाबरू नकोस, आवाज कुठे गेले नाहीत. सगळ्या फाइल्स आहेत. फक्त वाजवणारं बिघडलंय.”

शेवटी वॉर्डात आत्याचा आवाज घुमला. कपिली व्याली, पाडी झाली.

पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, “कोण हो त्या?”
“माझी आत्या,” वैशाली म्हणाली. किती दिवसांनी हसली ती.

मग माझा हात धरून म्हणाली, “मला बरं व्हायचंय गं. खूप काम पडलंय.”

नाही झाली बरी.

बातमी मीच साइटवर टाकली. माझा आवाज नीट लागला नाही, तरी तसाच ठेवला.

दहाव्याला वाडीत माणसं जमली होती. क्रिया उरकून सगळे नदीवरून परतले, तेव्हा आत्याच्या अंगणात सुरेश उभा. बरोबर बायको आणि मुलगी. आत जावं की नाही, तिघांनाही कळेना.

आत्या दारात आली. त्याच्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग नातीला म्हणाली,
“उन्हात का उभी गो? आत ये. आईला पण आण.”

सुरेश तिथेच पायरीवर बसला आणि रडला. वैशालीसाठी की आईसाठी, कुणी विचारलं नाही.

हे बघायला तू हवी होतीस, वैशे.

बटण चालू आहे. मी रोज ऐकते.

आज वर्ष झालं. तुला माझा, आणि तुझ्या अख्ख्या वाडीचा, भरल्या डोळ्यांनी नमस्कार.