थेल्माला सापडलेला सोन्याचा घोडा

थेल्मा फिस्क आमच्या दारात आली ती परवानगी मागायला. खांद्यावर जमिनीतला धातू हुडकायचा मेटल डिटेक्टर, पायात नवऱ्याचे गमबूट, आणि चेहरा असा, की जणू वाटीभर साखर उसनी मागायला आली आहे. माझा नवरा गॉर्डन तिच्याकडे बघतच राहिला.

"तुला चालवता येतं का ते?"

"नाही," ती म्हणाली. "एड्रियनला यायचं."

गॉर्डनने मान डोलावली. "वरच्या शेतात फीर हवं तेवढं, फक्त खड्डे बुजवत जा," म्हणाला आणि आत गेला. सफोकमधलं आमचं गाव ते केवढं! एड्रियनची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण विषय कुणी काढत नसे.

एड्रियन हा थेल्मा आणि लेनचा एकुलता एक. ते मशीन त्याने पहिल्या पगारातून घेतलं होतं. रविवार उजाडला की कानाला हेडफोन लावून हा शेतात. मान खाली, हातातलं मशीन डावी-उजवीकडे, संध्याकाळपर्यंत. लेन बिअरसाठी जवाचं माल्ट बनवणाऱ्या कारखान्यात मुकादम होता. पोराने तिथेच चिकटावं, असं त्याला वाटे. त्याने शब्द टाकून लावून दिलेली नोकरी एड्रियनने आठवड्यात सोडली. "गंजके खिळे आणि बाटल्यांची झाकणं वेचून पोट भरतं का रे?" असं लेन चारचौघांतही म्हणायचा.

ज्या दिवशी बापलेकांचं कडाक्याचं वाजलं, त्या दिवशी थेल्मा कामावर होती, कोंबड्यांच्या कारखान्यात. लेनने रागाच्या भरात दार उघडलं आणि म्हणाला, "मग चालू लाग." एड्रियन खरंच चालू लागला. थेल्मा घरी आली, जिना चढून वर गेली, तर पोराचं अंथरूण नीट घातलेलं. चादरीचे कोपरेसुद्धा दुमडलेले. "त्याने जन्मात कधी अंथरूण घातलं नव्हतं, विनी," ती मला सांगत होती. "ते बघितलं आणि कळलं, हा परत यायचा नाही."

लेन त्याला शोधत हिंडला. इप्सविच, लोस्टॉफ्टची बंदरं, मजुरांच्या खानावळी. थेल्माला सांगायचा, गवत कापायच्या यंत्राचा भाग आणायला चाललोय. पोलीस म्हणाले, मुलगा सज्ञान आहे, आपल्या पायांनी गेलाय, आम्ही काय करणार? मशीन शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं राहिलं. लेनने ते फेकलंही नाही आणि त्याला हातही लावला नाही. थेल्मा कामावरून निवृत्त झाली तेव्हा तिनेच ते खाली काढलं.

मी एकदा तिला विचारलं, "तुला याचं वेड कुठून लागलं गं?"

"वेड नाही. तो तासन्‌तास कानाला लावून काय ऐकायचा, ते मला ऐकायचं होतं."

आणि ती ऐकत राहिली. कितीतरी वर्षं. पिकं निघाली की ती यायची, पेरणी झाली की थांबायची. मी तिच्यासाठी थर्मासमधून चहा घेऊन बांधावर जायची. तिच्या पिशवीत शर्टाची बटणं, शिशाच्या गोळ्या, घोड्याच्या नालाचे तुकडे आणि एकदा तर आमच्याच ट्रॅक्टरचा हरवलेला बोल्ट. गॉर्डन म्हणाला, "बाई, हा चोरीचा माल समजू का मी?" ती मनापासून हसली. पण हसून झालं की तिची नजर रस्त्याकडे जायची. तिथून गावात येणारी बस दिसते.

त्या वर्षी जव कापून झालं होतं आणि रान नुसतं खुंटांचं होतं. मी चहा घेऊन गेले तर ती गुडघ्यांवर बसलेली. आवाज चांगला गोड लागला होता म्हणे, पण गोड आवाजाने तिला आजवर शंभर झाकणं दाखवली होती. तिने फावड्याने माती उलटली, बोटांनी ढेकूळ फोडलं आणि तशीच थांबली.

"विनी, जरा इकडे ये. हा चॉकलेटचा सोनेरी कागद आहे का बघ."

ते चॉकलेटचं नव्हतं. सोनं मातीत कितीही राहिलं तरी काळवंडत नाही. ते काल कुणाच्या खिशातून पडावं तसं लखलखत होतं. नखाएवढं नाणं, मध्ये जरा फुगीर. थेल्माने थुंकी लावून पुसलं, तर एका बाजूला घोडा. धड घोडाही नाही. पाय एकीकडे, मान एकीकडे, पोटाखाली चाकासारखं काहीतरी, पण उधळलेला. पुढे म्युझियममधल्या मुलीने सांगितलं, की रोमन लोक इकडे यायच्याही आधीचं आहे, इथल्याच टोळीचं, दोन हजार वर्षांपूर्वीचं.

पण हे सगळं नंतर. तेव्हा ती नुसती मातीत बसली होती. मी आनंदाने ओरडले, गॉर्डनला हाका मारल्या. तिने मान वर करून शेताच्या पलीकडच्या टोकाकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

"त्याला हाक मारणार होते मी," ती हळूच म्हणाली. "तोंडात नाव आलंसुद्धा होतं."

थेल्मा लग्नाच्या फोटोतही मान फिरवून उभी आहे. म्हणून तालुक्याच्या पेपरचा माणूस आला तेव्हा ती दाराआड लपेल, असं मला वाटलं होतं. ती केस सेट करून, निळा कार्डिगन घालून तयार होती. एका हातात नाणं, दुसऱ्या हातात मशीन.

"एकच सांगायचंय," ती त्याला म्हणाली. "हे मशीन माझ्या मुलाचं आहे. एड्रियन फिस्कचं. तेवढं छापा."

"बाई, वाचकांना नाण्यात रस आहे हो."

"मग नाण्याचाच फोटो काढा. मी आत जाते, केटल ठेवलीय."

त्याने छापलं. बिचाऱ्याने अगदी पूर्ण नावानिशी छापलं. मग लंडनच्या एका मोठ्या पेपरनेही तोच फोटो उचलला, आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात. थेल्माने त्या दिवशी दुकानातल्या सगळ्या प्रती घेतल्या. "देशभर जातो ना गं हा पेपर?" तिने मला तीनदा विचारलं.

त्यानंतर फिस्कांच्या घरी फोन वाजू लागला. लेनचे खुबे एव्हाना कामातून गेले होते, पण त्याने फोनचं टेबल ओढून आपल्या खुर्चीला चिकटवून घेतलं. घंटा वाजली की पहिल्याच ठोक्याला, "फिस्क बोलतोय!" आणि मग आवाज उतरायचा. एक जण नाणं विकत मागत होता. एक जण शेत नेमकं कुठलं ते विचारत होता. एक बाई म्हणाली, मी नकाशावर लंबक फिरवून उरलेल्या नाण्यांचा हंडा कुठे पुरलाय ते सांगते. लेन सगळ्यांशी सभ्यपणे बोलायचा आणि फोन लवकर ठेवायचा. लाइन मोकळी राहायला हवी. नाण्याचं पुढे काय करायचं याचं दोघांनाही काही नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते म्युझियमला दिलं.

हिवाळा सरला. पुढचं जव हातभर वाढलं. घंटा कमी कमी होत थांबली. थेल्मा पेपरबद्दल बोलायची बंद झाली.

आणि मग एका दुपारी, मी त्यांच्याकडे अंडी द्यायला गेले असताना, फोन आला. लेनने घेतला, ऐकत राहिला, आणि फोन थेल्मापुढे धरला.

पार वर, स्कॉटलंडच्याही पलीकडच्या शेटलंड बेटांवरून एक बाई बोलत होती. इंगा तिचं नाव. मासळीच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. ती म्हणाली, "तुमच्या घरात नाक खुपसावं की नाही, याचाच विचार करत होते. माझ्या भावाला समुद्राने नेलं. तुमचा तर चालत गेलाय. म्हणून म्हटलं, सांगावं." एड्रियन तिथे कामाला होता. पेपरातला फोटो कापून त्याने कँटीनच्या भिंतीला चिकटवला होता. वसंतात एका बोटीवर काम मिळालं म्हणून गेला. कुणी म्हणे नॉर्वे, कुणी म्हणे फॅरो बेटं.

"आपण जाऊ या," थेल्मा म्हणाली.

"तू जा," लेन म्हणाला. "विनीला घेऊन जा. फोनजवळ कुणीतरी हवं."

आम्ही आगगाडीने ॲबर्डीन गाठलं, तिथून रात्रभराची बोट. थेल्मा सगळा वेळ पर्स छातीशी धरून बसली होती. कँटीन म्हणजे लांबट खोली, वाफेने धुरकटलेल्या खिडक्या. इंगा ॲप्रनला हात पुसत पुढे आली आणि तिने भिंतीकडे बोट केलं. चहाच्या टाकीच्या वर, सुट्ट्यांच्या तक्त्याशेजारी, निळ्या कार्डिगनमधली थेल्मा.

"काही बोलला का तो? फोटो लावताना?"

इंगा जरा घुटमळली. "सगळ्यांना सांगत होता, ही माझी आई. आणि म्हणाला, मशीन धरायला अजून शिकली नाही, चुकीचं धरलंय."

थेल्मा हसायला लागली. हसता हसता तिने भिंतीचा आधार घेतला, तेव्हा मला कळलं की ती हसत नाहीये. मी आणि इंगाने तिला बसवलं.

"फोटो काढून देऊ का तुम्हाला?" इंगाने विचारलं. "न्यायचा विसरला असेल."

"नको, राहू दे. तो इकडे आला तर आधी तिथेच बघेल." पर्समधून पेन्सिल काढून तिने फोटोखाली घरचा नंबर लिहिला. आकडे चांगले ठसठशीत काढले. मग विचारलं, "बसायचा कुठे तो?"

इंगाने खिडकीजवळची जागा दाखवली. थेल्मा तिथे जाऊन बसली. तो काय खायचा, विचारलं. उकडलेला हॅडक मासा, बटाटे, वर पांढरा सॉस. तिने तेच मागवलं आणि सगळं संपवलं, बटाट्याची सालंसुद्धा. खिडकीतून बंदर दिसत होतं.

आम्ही परतलो तेव्हा लेन काठी टेकत फाटकापर्यंत आला होता. इतक्या वर्षांत त्याने मुलाचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही त्याने ते घेतलं नाही. थेल्माची बॅग हातात घेत विचारलं, "केस आहेत का गं अजून त्याच्या डोक्यावर?"

"इंगा म्हणाली, पुढचे गेलेत. टोपी घालून असतो."

लेनने आपल्या टकलावरून हात फिरवला. "फिस्कांचं जातंच," तो म्हणाला, आणि तिला वाट देण्यासाठी फाटक धरून उभा राहिला.