मधूचे दोन अर्ज

२००० साली मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं निघालं आणि मुलुखाबरोबर माणसांचीही वाटणी झाली. मी आस्थापना शाखेत होतो, म्हणजे कोणाला रायपूरला धाडायचं त्या याद्या माझ्याच टेबलावर टाइप होत. त्या दिवसांत लोक मला नमस्कार फार करत. मधुसूदन खानवलकर करत नसे. तो आमचा नकाशानवीस, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. यादीत स्वतःचं नाव पाहिलं तेव्हाही तो नुसता पाणी प्यायला आणि परत बोर्डाशी जाऊन उभा राहिला. मला अशी माणसं सोसत नाहीत. ती बोलत नाहीत, आणि मग धावपळ आपल्याला करावी लागते.

मधूच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. जयेंद्रगंज या आमच्या मोहल्ल्यातल्या मराठी मंडळींत याचा अर्थ एकच, बायकोत काहीतरी खोट आहे. मधूची आई, कुसुमताई, तसं चारचौघांत म्हणत. शामलानं उपास केले, कडू काढे घेतले. कुणाच्या डोहाळजेवणात ओटी भरायची वेळ आली की ती आपणहून स्वयंपाकघरात जाऊन ताटं घेई, म्हणजे तिला कोणी वगळायला नको.

खोट मधूत होती. दिल्लीच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की शुक्राणू इतके थोडे आहेत, आपसूक काही व्हायचं नाही. पण त्यातला एक धडसा निवडून बारीक सुईनं थेट स्त्रीबीजात सोडता येतो, आणि मग गर्भ धरला तर धरला. डिसेंबरात तो प्रयोग व्हायचा होता. मधूनं यातलं काही आईला सांगितलेलं नव्हतं. आज सांगतो, उद्या सांगतो, असं म्हणत त्यानं दोन वर्षं काढली, आणि शामलानं ती निमूट काढली.

यादीतून नाव काढायचं तर वाटणीच्या समितीकडे अर्ज करावा लागे. मधूनं केला. नकाशावर लिहितो त्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, पत्नी बीमार, दिल्लीत इलाज चालू.

"काय झालंय शामलाला?" मी विचारलं.

तेव्हा त्यानं मला सगळं सांगितलं, खाली बघत.

"मग हे काय लिहिलंयस, गाढवा?"

"बळवंतराव, अर्ज सगळा दफ्तर वाचतो न."

"तिला विचारलंस?"

"तिनेच म्हटलं, माझं नाव लिहून द्या. म्हणे, तशीही मीच बदनाम आहे."

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दिली नाही, अर्ज पुढे पाठवला. तो नामंजूर झाला. पत्नीचा इलाज रायपूरलाही होऊ शकतो, असा शेरा आला.

तेवढ्यात शामलाची इंजेक्शनं सुरू झाली. रोज एक, पोटात. दोष याचा आणि सुया तिला. ते बघून की काय, तिसऱ्या दिवशी मधू दुसरा अर्ज घेऊन आला. सोबत रिपोर्टची नक्कल, तिच्यावर त्याचं स्वतःचं नाव. अर्जात कुठे आडपडदा नव्हता. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला, आणि तसं मी त्याला म्हटलंही.

समितीच्या साहेबांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले. "खानवलकरजी, पहले पत्नी बीमार थीं, अब आप बीमार हैं. अगली बार माताजी का नंबर है क्या?" सगळी खोली हसली. रिपोर्ट कोणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. रायपूरला रुजू व्हा, असा हुकूम झाला.

मी मधूला कार्यमुक्त करण्याचा आदेश महिनाभर दाबून ठेवला. कधी साहेब दौऱ्यावर, कधी जावक क्रमांक पडलेला नाही. सबंध नोकरीत मी केलेली ही एवढीच लबाडी, आणि ती मला अजून गोड वाटते. दोघं दिल्लीला जाऊन आली. मग पंधरा दिवस वाट पाहिली. गर्भ धरला नाही.

आता आदेश ठेवून घेण्यात अर्थ नव्हता. मी तो घेऊन मधूच्या घरी गेलो. दफ्तरातली बातमी माझ्या आधीच तिथे पोचली होती. कुसुमताईंनी मला बसवलं, आणि शामला चहा ठेवत असताना तिच्यादेखत म्हणाल्या, "ऐकलंत न बळवंतराव? बायकोचा दोष माझ्या मधूनं भर दफ्तरात आपल्या अंगावर घेतला. कोण करतं एवढं?"

मधू उठला. कपाटातून मूळ रिपोर्ट काढून त्यानं ओळ न ओळ आईला वाचून दाखवला, कठीण शब्द मराठीत सांगून. "आई, खरंच माझ्यातच आहे. पहिल्यापासून. शामलात काहीच नाही."

कुसुमताईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "पहिल्या अर्जात तूच तर तिचं नाव लिहिलं होतं न, राजा? आता मला नको समजावू."

मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. तेव्हा शामला बोलली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"खरं आहे त्यांचं, आई."

"बघा!" कुसुमताई माझ्याकडे वळल्या. "तो हिच्यासाठी एवढं करतो, आणि ही माझ्या तोंडावर नवऱ्याला कमी दाखवते."

मला इतका संताप आला की मी भरलेला कप खाली ठेवला. मधू रिपोर्ट हातात धरून तसाच उभा होता. शामलानं माझ्यापुढे हात केला. "आदेश आणला असेल न तुम्ही? द्या." तिनं तो उभ्या उभ्या वाचला, मग मधूला विचारलं, "रायपूरला आपल्याला ओळखणारं कोणी नाही न?"

"नाही."

"मग उद्याचंच तिकीट काढा," ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.