लॉबीतला डेटाबेसवाला

नोकरभरतीच्या धंद्यात पडलं की किस्से शोधायला जावं लागत नाही, ते आपोआप साचतात. मी अमेरिकेत हर्नडनला एका देशी कन्सल्टिंग कंपनीत पाच वर्षं रिक्रूटर होते. अजूनही पॉटलकच्या जेवणाला कुणी ना कुणी म्हणतंच, "सुनीता, तुमच्या पाटकरांचं सांग ना काहीतरी!" मी हसत हसत सुरू करते. तिसऱ्या किश्श्यापर्यंत माझा आवाज चढलेला असतो आणि नवरा डोळ्यांनी खुणावतो, की बाई, लोक जेवतायत! आत्ता कुणी जेवत नाहीये, तेव्हा चढू दे आवाज.

आमची कंपनी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या सहा खोल्या. भारतातून प्रोग्रामर आणायचे आणि आसपासच्या क्लायंटांकडे कामाला पाठवायचे, हा धंदा. मालक पाटकर, पक्के पुण्याचे. आणि खाली लॉबीत, सिक्युरिटीच्या टेबलाशी, सॅम्युअल.

सॅम्युअल घानाचा. कुमासीला वाढलेला, वय सव्वीस. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या रजिस्टरखाली त्याचं एक जाडजूड डेटाबेसचं पुस्तक उघडं असायचं. मी एकदा विचारलं, "परीक्षा आहे का रे?"

"नाही मॅडम. विसरू नये म्हणून वाचतो."

तिकडे आक्रामधल्या एका बँकेचा डेटाबेस त्यानं तीन वर्षं सांभाळलेला. मग व्हिसाच्या लॉटरीत ग्रीन कार्ड लागलं, आणि इथे येऊन वर्ष झालं तरी अंगावर गार्डचा युनिफॉर्म! तो म्हणाला, "दोन वर्षांची गॅप पडली ना मॅडम, की रेझ्युमे कुणी उघडत नाही. मग मी कायमचा गार्ड." म्हणजे त्याच्या हातात उरलं होतं एक वर्ष. मी म्हटलं, अरे, वर तिसऱ्या मजल्यावर रिक्रूटर बसलीय, आण तो रेझ्युमे इकडे!

*

मी रेझ्युमे घेऊन उड्या मारत पाटकरांकडे गेले. त्यांनी पहिलं पान वाचलं, मान डोलावली. "चांगलाय की. व्हिसा कुठला?"

"व्हिसाची भानगडच नाही सर. ग्रीन कार्ड आहे!"

पाटकरांनी कागद परत माझ्या हातात दिला. "मग नको."

"का?"

"अगं, ग्रीन कार्डवाला उद्या दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली की टाटा करून जाईल. एच-वनवाला जाईल का? त्याच्या व्हिसाचे पेपर्स आपल्याकडे!"

"म्हणजे तो कायद्यानं मोकळा आहे, म्हणून नको?"

"मोकळा माणूस बिझनेसला परवडत नाही," पाटकर म्हणाले, आणि वर माझ्याकडे कौतुकानं बघितलं, की बघ, आज तुला काहीतरी शिकवलं! मी स्वतः तेव्हा एच-वनवर होते.

*

तरी मी पिच्छा सोडला नाही. महिन्याभरानं परत तोच रेझ्युमे. या खेपेला पाटकरांनी अनुभवाचा रकाना वाचला आणि मनापासून विचारलं, "तिकडे बँकांत कॉम्प्युटर असतात?"

त्याच आठवड्यात त्यांच्या आतेभावाचा मुलगा आला होता. पुण्यात तीन महिन्यांचा क्लास केलेला, बाकी पाटी कोरी. त्याचा रेझ्युमे 'फॉरमॅट' करायचं काम माझ्याकडे. आमच्याकडे फॉरमॅट करणं म्हणजे फॉन्ट बदलणं नव्हे! संध्याकाळपर्यंत त्या पोराला सहा वर्षांचा अनुभव झाला होता, त्यात दोन वर्षं तर युरोपात. पोराचा पासपोर्ट निघून चार महिने झालेले.

सॅम्युअलची मात्र मी तीन वर्षं होती ती तीनच लिहिली होती. खरं तेवढंच.

पाटकरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "हा तुझा घानावाला फारच ज्युनिअर दिसतोय गं."

*

मग एकदा सॅम्युअलच्या चर्चमध्ये पत्रक आलं. एका हॉटेलात जॉब फेअर, खास आफ्रिकेतून आलेल्या तरुणांसाठी, वर ठळक अक्षरांत 'करिअरच्या नव्या संधी'. सॅम्युअल आणि त्याची बहीण ॲबेना, दोघांनी मला बरोबर नेलं. ॲबेना फार्मसिस्ट होती, आणि इथे एका दुकानात शेल्फ लावायची.

हॉलमध्ये दीडएकशे पोरंपोरी असतील. घाना, नायजेरिया, इथिओपिया, कॅमेरून. इस्त्रीचे शर्ट, हातात फोल्डर, फोल्डरमध्ये डिग्र्यांच्या झेरॉक्स. मला माझीच आठवण झाली, नागपूरला पहिल्या इंटरव्ह्यूला आईच्या साडीत गेले होते ती.

टेबलं एकूण नऊ. चार सिक्युरिटी कंपन्यांची, तीन म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या एजन्सींची, एक गोदामाचं, एक पार्किंगवाल्यांचं. संपल्या संधी!

ॲबेनानं आपली फार्मसीची डिग्री एका टेबलावर ठेवली. तिथल्या बाईंनी तिला हातसुद्धा न लावता विचारलं, "पन्नास किलोचा पेशंट एकटीला उचलता येईल का?"

सॅम्युअलच्या टेबलावर तर आनंदीआनंद. तिथला माणूस रेझ्युमे वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आला आणि उठून हस्तांदोलनच करायला लागला. "अरे, तुला तर वर्षभराचा अनुभव आहे! आमच्याकडे बऱ्याच जागा आहेत!"

कसल्या? गार्डच्या!

येताना गाडीत मीच तोंडानं शिव्या देत होते. शेवटी ॲबेना म्हणाली, "मॅडम, रस्त्याकडे बघून चालवा."

*

आपले लोक काही वेगळे आहेत असं समजू नका. मंडळाच्या गणपतीला मी चार-पाच जणांना सॅम्युअलचा रेझ्युमे ईमेल करू का म्हणून विचारलं, पोरगा दोन-दोन नोकऱ्या करतोय हेही सांगितलं. मोठमोठ्या कंपन्यांत चिकटलेली मंडळी, एक फॉरवर्ड करायला काय जातंय? तर कुलकर्णी काका मला बाजूला घेऊन समजावायला लागले.

"सुनीता, तू फार भोळी आहेस. या लोकांना कष्ट नको असतात गं. आपण कसे, दोन बॅगा घेऊन आलो आणि वर आलो."

काकांची मुलगी निकिता तिथेच मोदक खात उभी होती. इथेच जन्मलेली, कॉलेजात शिकणारी. ती थंडपणे म्हणाली, "बाबा, ही वर्क्स टू जॉब्ज. यू फॉल अस्लीप इन मीटिंग्ज. आई टोल्ड मी."

काका म्हणाले, "आरती सुरू होतेय वाटतं." आरती संपून अर्धा तास झाला होता!

*

गंमत म्हणजे, सॅम्युअलला काय येतं हे आमच्या ऑफिसात पाटकर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. पोरं 'कॉफीला जातो' म्हणून खाली जायची आणि लॉबीच्या टेबलावर कोपर टेकून त्याला अडलेलं विचारायची. तो रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून द्यायचा. ते पान घेऊन पोरं वर.

एका दुपारी आमच्या एका क्लायंटचा डेटाबेस झोपला. तिकडे बसलेला आमचा माणूस फोनवर रडकुंडीला आलेला. कुणालाच काही सुचेना, तेव्हा मी फोन घेऊन सरळ खाली गेले. सॅम्युअलनं उभ्या उभ्या, एका हातानं लोकांना व्हिजिटर पास देत, दुसऱ्या हातात फोन धरून वीस मिनिटांत तो उठवला.

पाटकरांना हे कळलं, आणि त्यांचा ऊर भरून आला. लगेच जातीनं खाली उतरले. मला वाटलं, झालं, आता ऑफर! त्यांनी सॅम्युअलच्या खांद्यावर हात ठेवला, "यू आर लाइक फॅमिली" म्हणाले, आणि दिवाळीचा उरलेला सोनपापडीचा डबा त्याच्या हातात दिला.

पाटकर लिफ्टमध्ये शिरल्यावर सॅम्युअलनं डबा उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, हे रेझ्युमेत कुठे लिहू?"

*

आता शेवटचा किस्सा. त्याआधी आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी.

क्लायंट आधी फोनवर इंटरव्ह्यू घ्यायचे. आमची निम्मी पोरं फोनवर ततपप करायची. म्हणून फोनवर बोलायचा अमोल! अमोल सांगलीचा. तोंडात अमेरिकन ॲक्सेंट आणि डोक्यात फारसं काही नाही, पण आवाज असा की समोरचा विरघळलाच पाहिजे. स्पीकरफोनभोवती तिघं पुस्तकं उघडून बसायचे, बोटानं ओळ दाखवायचे, अमोल वाचायचा. नाव वेंकटचं, आवाज अमोलचा, आणि कामावर हजर व्हायचा वेंकट! रेझ्युमेवर आम्ही फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर द्यायचो, जुन्या कंपन्यांची नावंही झाकायचो, म्हणजे क्लायंटला परस्पर कुणाशी बोलता येऊ नये. क्लायंटही आता शहाणे झाले होते. दोनतीनदा पोळलेले.

त्या वर्षी एच-वनचा कोटा लवकर संपला आणि रेस्टनच्या एका विमा कंपनीला डेटाबेसचा माणूस तातडीनं हवा होता. आमच्याकडे एकही मोकळा नाही. सॅम्युअलची गॅप तेव्हा बावीस महिन्यांची झाली होती. पाटकर नाइलाजानं म्हणाले, "पाठव बाई तुझा घाना," आणि कुणाच्या तरी मुंजीला न्यू जर्सीला गेले.

फोन गुरुवारी आला. सॅम्युअल लंच ब्रेकमध्ये वर आला, युनिफॉर्मवरच. समोर एकही पुस्तक नाही. पलीकडचा मॅनेजर, डेव्ह, आधी नेहमीचे प्रश्न विचारत होता, मग राहवेना म्हणून स्वतःचं दुखणंच सांगायला लागला, की दर मंथ-एंडला रिपोर्ट चालू केले की सगळी सिस्टिम आडवी होते. सॅम्युअलनं तीन प्रश्न विचारले आणि काय करायचं ते सांगितलं. मग डेव्ह म्हणाला, "सोमवारी प्रत्यक्ष भेटायला ये. फॉर्मॅलिटी आहे."

सोमवारी सॅम्युअल चर्चचा सूट घालून गेला. डेव्ह बाहेर आला आणि त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला.

"तू कोण?"

"सॅम्युअल. गुरुवारी आपण बोललो."

"मी बोललो तो माणूस इंडियन होता. तुमच्या कंपनीचे सगळे इंडियनच असतात."

"नाही सर, मीच होतो. परत विचारा ना, काहीही विचारा."

"पाठ करून आला असशील," डेव्ह म्हणाला, आणि त्याच्या देखत स्पीकर चालू करून पाटकरांना फोन लावला.

इकडे मी पाटकरांच्या समोरच बसले होते. डेव्हचा आवाज खोलीभर. "खरं सांग. गुरुवारी फोनवर दुसरंच कुणीतरी होतं ना?"

पाटकरांचा चेहरा खर्रकन उतरला. माझ्याकडे एकदा बघावं, विचारावं? छे! मी दोन्ही हात हलवत होते, उभी राहिले, तरी हे आपले सुरूच. "डेव्ह, आय ॲम सो सॉरी. ज्युनिअर स्टाफची चूक. फोनवर आमचा अमोल होता. पुन्हा होणार नाही."

फोन ठेवला. मी ओरडले, "अहो, अमोल नव्हता! सॅम्युअलच होता!"

पाटकर माझ्यावरच डाफरले, "मग आधी सांगायचं ना!"

"काय सांगायचं? की ज्याचा इंटरव्ह्यू त्यानंच दिला?"

"हो! असं काही वेगळं करणार असलीस तर सांगायला नको?"

"आत्ता लावा परत फोन."

"आता? आता खरं सांगितलं तर त्याला ते खोटंच वाटेल!"

अर्ध्या तासानं डेव्हचाच फोन. चिडलेला होता, पण गरजवंत. म्हणाला, तुम्ही लोक महाबिलंदर आहात, पण फोनवरच्या त्या माणसासारखा माणूस मला सहा महिन्यांत भेटला नाही. यापुढे बनवाबनवी नको. मला तोच पाठवा. तो अमोल!

मी म्हटलं, मी स्वतः डेव्हला फोन करते. पाटकर शांतपणे म्हणाले, "तुझ्या एच-वनचं एक्स्टेन्शन सहीसाठी माझ्याच टेबलावर आहे, लक्षात आहे ना?"

मी फोन केला नाही. पॉटलकला हे वाक्य मी गाळते, म्हणून इथे लिहिते. मी फोन केला नाही, आणि त्याची लाज मला पाटकरांच्या रागाहून जास्त वाटते.

सॅम्युअल दोनच्या शिफ्टला परत टेबलाशी आला होता, युनिफॉर्ममध्ये. मी खाली जाऊन त्याला सगळं सांगितलं, डेव्हनं कुणाला बोलावलंय तेसुद्धा. त्यानं ऐकून घेतलं. मग माझ्या मागे कुणीतरी पाहुणा उभा होता, त्याच्याकडे रजिस्टर सरकवून सही घेतली.

अमोल बुधवारी तिकडे रुजू झाला. गुरुवारी सकाळी अकराला माझा फोन वाजला. अमोलच. कुजबुजत होता, बहुतेक बाथरूममधून.

"सुनीता, यार, प्रॉब्लेम झालाय. डेव्ह म्हणतोय, इंटरव्ह्यूत सांगितलंस ते मंथ-एंडचं आजच सुरू कर. प्लीज खाली जाऊन सॅम्युअलला विचार ना, मी काय सांगितलं होतं?"